उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाईन, सांबारवडी आणि फसलेली संत्रा बर्फी

सांबारवडी_धरमपेठ | १४ डिसेंबर, रात्री ९.५०

मंडळी, वर्षभर हा विषय डोक्यात घोळतोय, आज शेवटी लिहायला बसले.

गेल्या हिवाळ्यात मोठे दीर नाशिकहून आले तेव्हा त्यांनी सुला या नाशिकच्या वाईन कंपनीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक आणली, म्हणजे शेनिन ब्लांक जातीची द्राक्षं उशिरा तोडून केलेली गोड वाईन. बाटली नेहमीच्या निम्मी, ३७५ मिलीची. "ही जेवणानंतर गोडासोबत द्यायची," असं सांगून त्यांनी ती फ्रीजमध्ये ठेवली. नागपुरात गोड म्हटल्यावर माझा हात आपसूक संत्रा बर्फीच्या डब्याकडे गेला. छोट्या ग्लासांत वाईन ओतली. सासूबाई स्वतः घेत नाहीत, पण नुसत्या वासावरून भाजीत मीठ पडलंय की नाही हे सांगणारं नाक आहे त्यांचं. ग्लास नाकाशी धरून म्हणाल्या, "पिकलेला पेरू आहे गं यात. आणि मुरांब्याचा पाक." मी तोवर नुसतं गोड, गोड एवढंच म्हणत होते. त्यांनी सांगितल्यावर तो पेरू असा सापडला की दुसरं काही सुचेना.

मग बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि वर घोट घेतला. वाईन एकदम पाणचट लागली, कडेने लिंबू पिळल्यासारखी आंबट. मघाचा मध कुठे गेला कळेना. दिरांचाही चेहरा उतरला. बर्फी उत्तम होती, वाईन उत्तम होती, एकत्र आल्यावर दोघींचं वाटोळं झालं.

जेवणातली एक सांबारवडी ताटलीत उरली होती, गार झालेली. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) आत गच्च कोथिंबीर, खसखस, चारोळी, सुकं खोबरं, तिखट, लिंबू, चिमूटभर साखर, पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावलेला, आणि मग तळलेली. तिचा घास घेतला आणि ग्लासात उरलेला घोट. तिखट जिभेवर चढत होतं तोच वाईनचा गोडवा त्यावर येऊन बसला. तळणाचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने धुऊन निघाला, चारोळी-खसखशीचा खमंगपणा मागे राहिला, आणि पेरू परत आला! मी दिरांना उरलेली अर्धी वडी दिली. ते काही बोलले नाहीत, फक्त ग्लास पुढे केला.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले आहे. मला जे उमगलं ते असं: या वाईनला नुसती 'गोड वाईन' म्हणून ठेवून दिलं की तिची अर्धी ओळख पुसली जाते. तिचा जीव तिच्या आंबटपणात आहे. गोडवा जितका, तितकाच ताठ आंबटपणा खाली उभा असतो, म्हणून ती काकवीसारखी जड होत नाही. पदार्थ तिच्यापेक्षा गोड असला की जिभेला तिची साखर जाणवतच नाही आणि उघडा आंबटपणा तेवढा उरतो. माझ्या बर्फीसोबत हेच झालं. म्हणून गोड पदार्थ ठेवायचा तर तो वाईनपेक्षा कमी गोड हवा. नाहीतर सरळ खारट, तिखट, तळलेलं, खमंग काहीतरी ठेवावं.

आता ती होते कशी. नाशिककडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही, त्यामुळे पीक कधी घ्यायचं ते छाटणी ठरवते. वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात. त्यातले काही घड मुद्दाम वेलीवर राहू देतात. मण्यातलं पाणी उडतं, साल सुरकुतते, साखर, आम्ल आणि स्वाद घट्ट होत जातात. रस कमी निघतो, पण जो निघतो तो दाट. किण्व (यीस्ट) त्यातली सगळी साखर खाऊ शकत नाही. ते मध्येच थकतं किंवा वाईन करणारे रस थंड करून त्याला थांबवतात. उरते ती द्राक्षाची स्वतःची साखर. वरून साखर ढवळलेली असते असा समज माझ्या ओळखीत सर्रास आहे, म्हणून हे आवर्जून लिहिलं.

शेनिन ब्लांक मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. तिथे व्हूव्रे आणि कोतो द्यू लेयों या भागांत तिच्यापासून कोरड्यापासून मधाळ गोडापर्यंत सगळ्या तऱ्हेच्या वाईन होतात. दक्षिण आफ्रिकेत तर ती फ्रान्सपेक्षाही जास्त लावली आहे, तिकडे तिला स्टीन म्हणतात. ऊन्ह तापलं तरी आंबटपणा सोडत नाही हा तिचा गुण, आणि तोच नाशिकला कामी आला. सुलाने सुरुवातीला लावलेल्या जातींत सोव्हिन्याँ ब्लाँसोबत हीच होती, त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली.

एक दुःखाची गोष्टही सांगते. दिरांची बाटली संपल्यावर मी मे महिन्यात शहरातल्या एका दुकानातून तीच वाईन आणली. बाटल्या पश्चिमेच्या काचेत मांडलेल्या होत्या, बाहेर ४५ अंश. घरी उघडली तर रंग चहाकडे झुकलेला आणि वास शिजलेल्या सफरचंदासारखा. पेरू नाही, काही नाही. दुकानदाराला सांगायला गेले तर म्हणाले, गोड वाईन खराब होत नसते. होते हो! एवढी नाजूक वस्तू आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवायची म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे. नागपूरकरांनी ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यावी, आणि दुकानाच्या आतल्या, थंड कपाटातली मागून घ्यावी.

तुम्ही कशासोबत घेऊन पाहिलीत? विदर्भातले पदार्थ असतील तर अगदी सविस्तर लिहा.

---

निफाडकर | १४ डिसेंबर, रात्री ११.१५

ताई, छाटणीचं नीट लिहिलंत. आमची बाग खायच्या द्राक्षांची, थॉमसनची, पण शेजारी वाईनची द्राक्षं आहेत म्हणून थोडी भर घालतो.

वाईनचा मणी लहान असतो, आत बी, साल जाड. तोडणीच्या दिवसांत रोज सकाळी दोन-चार मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघतात. साध्या पांढऱ्या वाईनला २१ ते २३ च्या आसपास तोडतात. उशिराच्या तोडणीला तो आकडा आणखी बराच चढू देतात. कागदावर सोपं वाटतं, पण त्या वाढीव आठवड्यांत शेतकऱ्याची झोप उडालेली असते. मालाचं वजन रोज घटतंय, पाखरं आणि मधमाश्या गोडाला लागल्यात, आणि मार्च म्हणजे अवकाळी पावसाचा आणि गारपिटीचा धोका. एक सर आली की सुरकुतलेला मणी फुगून फुटतो, मग कूज. बाकी बागेचा हिशेब झालेला असतो आणि हे चार-दोन वाफे अजून उभे.

तासगावकडच्या बेदाण्याशी याची तुलना बरेच जण करतात. बेदाण्याची द्राक्षं तोडून, द्रावणात बुडवून, शेडमध्ये जाळीवर वाळवतात. इथे मणी जिवंत वेलीवर आटतो. चवीत फरक तिथून सुरू होतो.

---

ऱ्हाइनकाठचा_नागपूरकर | १५ डिसेंबर, पहाटे ३.३०

माझं बालपण महालात गेलं, आता बारा वर्षं जर्मनीत आहे. धागा वाचून राहवलं नाही.

इथे ऱ्हाइनगाऊ भागात योहानिसबेर्ग नावाचा मळा आहे. तो तेव्हा फुल्दाच्या धर्माधिकाऱ्यांच्या मालकीचा होता आणि त्यांची परवानगी आल्याशिवाय तोडणी सुरू करता येत नसे. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा स्वार काही आठवडे उशिरा पोचला, तोवर द्राक्षं वेलीवर सडू लागली होती. तशीच तोडली, आणि वाईन अशी निघाली की उशिरा तोडायची प्रथाच पडली, अशी कथा सांगतात. त्या स्वाराचा पुतळा मळ्याच्या आवारात आहे, मी त्याच्यासमोर उभा राहून आलोय. 'श्पेटलेझे' या शब्दाचा अर्थच उशिराची तोडणी. त्याच्या वरच्या पायऱ्या औसलेझे, बेरेनऔसलेझे आणि ट्रोकनबेरेनऔसलेझे, म्हणजे मणी-मणी वेचून घेतलेली. आइसवाइनची वाट वेगळी: मणी वेलीवर गोठेपर्यंत थांबायचं, उणे ७ किंवा त्याखाली, आणि गोठलेलेच पिळायचे, म्हणजे पाणी बर्फ होऊन मागे राहतं.

निफाडकर, तुम्ही कुजीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न हा गोड वाईनचा भाग आहे. तिथे सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते आणि शरदात सकाळी धुकं धरतं. दमटपणाने द्राक्षावर बॉट्रायटिस बुरशी येते, दुपारी ऊन पडून ती आवरली जाते. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडतं, आणि मधाबरोबर केशर, जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरांबा असे वास येतात. धुकं आणि ऊन या जोडीतलं एक चुकलं की तीच बुरशी राखाडी कूज होऊन सगळं पीक खाते. मजूर त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा येऊन तेवढे तयार मणी तोडतात. १८५५ साली बोर्दोच्या वाईनची वर्गवारी झाली, तीत तिथल्या शातो दिकेम या मळ्याला एकट्याला सगळ्यांच्या वरची पायरी दिली होती. नाशिकला फेब्रुवारी-मार्चची हवा कोरडी, त्यामुळे तिथे सारा खेळ उन्हाने आटण्याचा. म्हणून आपल्या वाईनमध्ये केशर शोधू नये, पेरू आणि मध शोधावा. ताई, तुमच्या सासूबाईंनी तो पहिल्या वासात पकडला!

---

बर्डीवरचा | १५ डिसेंबर, सकाळी १०.०५

ताई, सगळं बरोबर लिहिलं तुम्ही, पण सावजीले सोडून नागपूरचं ताट पुरं होते का? तिखटावर गोड वाईन चालते असं तुम्हीच लिहून राहिल्या. मी मागच्या रविवारी सावजी मटणासोबत घेतली. थंडगार होती. पहिले दोन घोट भल्ले मस्त लागले, कान तापले होते ते शांत झाले. तिसऱ्या घोटापासून मात्र वाईन गायब. नुसतं थंड आन् गोड, चव काहीच नाही. हे काहून झालं?

---

सांबारवडी_धरमपेठ | १५ डिसेंबर, दुपारी १२.४०

भाऊ, प्रामाणिकपणे करून पाहिलंत याबद्दल मनापासून आभार. मला वाटतं इथे तिखटापेक्षा मसाला आडवा आला. गोडवा तिखटाला उतार देतो, आणि अल्कोहोल बेताचं असलं की आग वाढत नाही, म्हणून पहिले दोन घोट सुखाचे गेले. पण सावजीतलं भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल, काळी मिरी आणि वरची तर्री, हे सगळं इतकं गडद आणि खोल असतं की एवढी हलकी वाईन त्यात बुडून जाते. त्यात मटण. मी सावजीसोबत ही देणार नाही. तिथे आपलं थंड ताकच बरं.

पण पाटोडीचा रस्सा पातळ केला, तर्री वरून काढून घेतली, तर? बेसनाची वडी तशी सौम्य असते. रविवारी करून बघते.

@ऱ्हाइनकाठचा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. स्वार उशिरा आला त्या भागावर त्यांनी "मग त्याला शिक्षा झाली का?" असं विचारलं. 😊

---

काटोलचा_संत्रावाला | १५ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

वाईनचा मला अनुभव नाही, पण 'झाडावर ठेवणे' हा आमच्या रोजच्या जगण्याचा विषय आहे म्हणून लिहितो.

आम्ही संत्र्याला ताण देतो. पाणी तोडतो, झाड पानं टाकायला लागतं, मग पाणी सोडलं की बहार फुटतो. हिवाळ्यातला ताण दिला की आंबिया बहार, मे महिन्यातला दिला आणि मृगाच्या पावसावर फुललं की मृग बहार. आंबियाचं फळ आत्ता, दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. भाव पडलेला असला की माणूस म्हणतो थांबू, फळ झाडावर राहू दे. पण संत्रं थांबत नाही हो. साल सुटते, फळ पोकळ होतं, फोड कोरडी पडते आणि आंबटपणा आधी जातो. नुसता फिका गोडवा उरतो, व्यापारी हातात घेऊन दाबतो आणि ठेवून देतो. म्हणून हे वाचताना मला नवल वाटलं की द्राक्ष थांबलं तर दाट होतं. संत्र्याची साल त्याच्या गरापासून सुटते, द्राक्षाची साल गराला धरून आटत जाते, हा फरक असावा. आणि तुम्ही लिहिलं तशी ती जातही आंबटपणा धरून ठेवणारी.

तुमच्या बर्फीबद्दल: दुकानातल्या संत्रा बर्फीत साखर भरपूर असते, टिकायला लागते म्हणून. घरी करा. आंबियाची, अजून थोडा आंबटपणा असलेली संत्री घ्या. गर आधी वेगळा आटवा, मग खव्यात घाला. साखर अगदी नावाला.

---

रामटेकची_सून | १६ डिसेंबर, सकाळी ८.३०

छान धागा. माझे दोन प्रश्न आणि एक अनुभव.

उघडलेली बाटली किती दिवस राहते? आम्ही दोघंच, एका वेळी छोटे दोन ग्लास होतात.

दुसरं, माझी बहीण वर्ध्याला असते. तिच्यासाठी एक बाटली न्यायचा विचार होता, चालेल ना?

अनुभव पुरणपोळीचा. आमच्याकडची पोळी म्हणजे पारी नावापुरती आणि पुरण भरभरून, वर तुपाची धार. वाईनसोबत मला बरी वाटली, नवऱ्याला नाही. तो तुपाशिवाय खातो.

---

सांबारवडी_धरमपेठ | १६ डिसेंबर, सकाळी ११.००

ताई, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये आठवडाभर खुशाल राहते, साखरेमुळे कोरड्या वाईनपेक्षा जास्त तग धरते. प्यायला ८ ते १० अंश बरं. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा, मग ओता. अगदी गार असली की वास झोपलेला असतो.

वर्ध्याला नेऊ नका. संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि त्यात वाईनही येते. समृद्धीवरून नाशिककडून येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, रस्ता वर्धा जिल्ह्यातूनच येतो, तेव्हा बाटली गाडीत टाकण्याआधी नियम नीट विचारून घ्या. शिवाय उन्हात डिकीत तासन् तास ठेवलेली वाईन म्हणजे माझी मे महिन्याची गोष्ट पुन्हा. बहिणीलाच रामटेकला बोलवा, सोबत सांबारवडी करा.

पुरणपोळीत तुमच्यात मतभेद झाला त्याचं कारण तूपच असणार. तुपाचा थर असला की वाईनच्या आंबटपणाला कापायला काहीतरी मिळतं. कोरड्या पोळीला नुसती गोडावर गोडाची टक्कर.

---

ऱ्हाइनकाठचा_नागपूरकर | १६ डिसेंबर, रात्री ११.५०

निळ्या बुरशीचं खारट चीज मिळालं तर नक्की ठेवा. सोतेर्न आणि रोकफोर ही फ्रान्समधली जुनी जोडी. मिठाच्या खड्यासारखं खारट चीज आणि वर मधाचा घोट. चीज नसेल तर खारे काजू.

---

सांबारवडी_धरमपेठ | २१ डिसेंबर, रात्री १०.३०

रविवारचा अहवाल. बाहेर कडाक्याची थंडी, घरात पाच जण, बाटल्या दोन.

खारे काजू: पहिल्या घासालाच पसंत. काजूचा स्निग्धपणा आणि मीठ, यापेक्षा सोपं काही नाही. चीज एका ॲपवरून मागवलं, मला आणि दिरांना फार आवडलं, जाऊबाईंनी वासावरच ताटली सरकवली.

पाटोडी रस्सा: तर्री काढलेला रस्सा वाटीत, पाटोडीवर फक्त दोन चमचे. चांगली जमली, पण मन जिंकलं नाही. रस्सा पूर्ण बाजूला ठेवून नुसती पाटोडी, वर खोबरं-कोथिंबीर, अशी खाल्ली तेव्हा जास्त खुलली. बर्डीवरचे भाऊ, रस्स्याची बाजू हरली हे कबूल करते.

सांबारवडी: गेल्या वर्षी गार होती म्हणून यंदा मुद्दाम गरम आणि गार दोन्ही ठेवल्या. गरम वडीत तिखट जास्त जाणवतं आणि वाईन त्याला शांत करते. गार वडीत खसखस-चारोळी पुढे येते. मला अजूनही गारच आवडते. सोबत कढी ठेवली होती ती मात्र उचलून ठेवावी लागली, ताकाचा आंबटपणा वाईनला मारून टाकतो.

आणि बर्फी. काटोलचे दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे सासूबाईंनी स्वतः केली. गर आटवताना घरभर सालीचा वास. रंग दुकानाच्या बर्फीसारखा भगवा नाही, फिकट बदामी. वडी जरा मऊ पडली. पण घास घेतला, घोट घेतला, आणि वाईन जागच्या जागी! पेरू तसाच, मध तसाच, मागून संत्र्याच्या सालीचा बारीक कडवटपणा. सासूबाई ग्लासाचा वास घेत म्हणाल्या, "आता भांडत नाहीत दोघी."

---

रामटेकची_सून | २२ डिसेंबर, सकाळी ९.१०

ताई, बर्फीचं प्रमाण लिहा ना. बहीण शनिवारी येतेय.

---

सांबारवडी_धरमपेठ | २२ डिसेंबर, सकाळी ९.४५

पाव किलो खवा, चार मध्यम संत्री, चहाचे चार चमचे साखर. फोडींच्या साली आणि बिया काढून गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा, पळी फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे. ओला गर खव्यात घातला तर खवा फाटतो, त्यामुळे इथे घाई नको. खवा वेगळा परतून घ्या, कोमट झाला की गर आणि साखर मिसळा, साल किसून अगदी चिमूटभर. पांढरा भाग किसणीवर येऊ देऊ नका. ताटाला तूप लावून थापा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, आमची मऊ पडली ती दोन तासांतच कापल्यामुळे.